आहाराचा सल्ला : कोणाचा घ्यावा, काय विचारून घ्यावा

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त सभासद भगिनींपुढे केलेले भाषण)



चार माणसांपुढे उभे राहून बोलण्याची मला सवय नाही. चिटणीसबाईंनी आग्रहच केला, म्हणून उभी राहिले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले. तेव्हा कोणती भाजी खावी, कोणते फळ टाळावे, हे मी आज तुम्हांला सांगणार नाही. तो माझा अधिकार नव्हे. आणि मला जे बोलायचे आहे ते ह्या अधिकाराबद्दलच आहे.

आपण बायका बाजारात काही डोळे मिटून जात नाही. तूरडाळ घेताना चार दाणे तळहातावर घेऊन पाहतो. माठ घेताना बोटाने वाजवून पाहतो. सोनाराकडे गेलो तर हॉलमार्क दाखवा म्हणतो, आणि ते म्हणताना आपल्याला संकोच वाटत नाही. मुलीला स्थळ सांगून आले तर मुलाच्या गावी, कचेरीत, शेजारी अशी चार ठिकाणी चौकशी होते. पण कोणी येऊन आपल्याला सांगितले की भात सोडा, भाकरी सोडा, आणि सकाळ-संध्याकाळ ही पावडर पाण्यातून घ्या, तर आपण त्या माणसाला, “बाई, तुम्ही हे शिकलात कुठे?” एवढा साधा प्रश्नही विचारीत नाही. डाळ खराब निघाली तर एका वेळचे वरण बिघडते. सल्ला खराब निघाला तर काय होते, ते मी आमच्या घरात पाहिले आहे.

आमच्या थोरल्या जाऊबाईंना नऊ वर्षांपासून मधुमेह आहे. त्या रोज गोळ्या घेतात. गेल्या वर्षी त्यांच्या वस्तीत वजन उतरवण्याचे एक केंद्र निघाले. तिथल्या ताईंनी जाऊबाईंना एका यंत्रावर उभे केले आणि सांगितले, “काकू, तुमचे वय बावन्न, पण तुमच्या शरीराचे वय सत्तर आहे.” जाऊबाई घाबरून गेल्या. सकाळचा नाश्ता आणि रात्रीचे जेवण बंद झाले. त्याऐवजी डब्यातील पावडर, आणि फार भूक लागली तर काकडी. महिन्याला साडेचार हजार रुपये. तीन आठवड्यांत वजन चार किलोंनी उतरले. जो भेटे तो कौतुक करी.

मधुमेहाच्या गोळ्या मात्र पहिल्यासारख्याच चालू होत्या. त्यांतली एक गोळी रक्तातील साखर खाली आणणारी. ती पोटात गेली की तिला अन्नाची जोड लागते. अन्न कमी केले आणि गोळी तितकीच ठेवली, तर साखर उतरत उतरत धोक्याच्या खाली जाते. एका पहाटे जाऊबाईंना दरदरून घाम सुटला, हातपाय थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले आणि त्या मोरीच्या दारात पडल्या. मुलगा घरी होता म्हणून वेळेवर रुग्णालयात नेले. दोन दिवस शिरेतून साखर द्यावी लागली. डॉक्टर म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर सांगता येत नव्हते.

त्या केंद्रातल्या ताई काही दुष्ट नव्हत्या. जाऊबाईंच्या उशाशी त्या दोनदा येऊन बसल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होते. त्यांना गोळीचे हे शास्त्र ठाऊकच नव्हते. तीन दिवसांचे एक शिबिर करून त्या “आहार सल्लागार” झाल्या होत्या. तीन दिवसांत कोणते शास्त्र येणार? साधा शिवणाचा वर्ग केला तरी ब्लाऊजची बाही नीट बसवायला सहा महिने लागतात. त्यांनी जाऊबाईंना पुष्कळ प्रश्न विचारले, पण “तुम्हांला कोणती औषधे चालू आहेत?” हा एक प्रश्न विचारला नाही. जी व्यक्ती औषधे विचारीत नाही, तिच्या हाती आपले ताट देऊ नये, हा मी त्यातून घेतलेला पहिला धडा.

पुढे रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊबाईंना पाठवले. मी बरोबर होते. वयाने आपल्या मुलींएवढी मुलगी. पण पाऊण तास ती नुसती विचारीत होती. पहाटे उठता कधी? घरात माणसे किती, स्वयंपाक कोण करते? तेलाचा पाच किलोचा डबा किती दिवस पुरतो? चतुर्थी करता का, एकादशी करता का, उपासाला काय खाता? साताऱ्याचे पेढे घरी किती वेळा येतात? गोळ्यांची पाकिटे आणि तपासण्यांचे कागद तिने एकेक करून पाहिले. मूत्रपिंडाची तपासणी कधी केली तेही विचारले. मग सांगितले ते एवढेच : ज्वारीची भाकरी सोडायची नाही, मोजून खायची. वरण पातळ नको, घट्ट करा. रोज एक वाटी उसळ. उपासाच्या दिवशी गोळीचे काय करायचे ते आधी डॉक्टरांना विचारा. जाऊबाईंनी लगेच विचारले, “मग गोळी अर्धी करू का?” ती म्हणाली, “मावशी, गोळी डॉक्टर ठरवतील. तो माझा प्रांत नव्हे. मी त्यांना चिठ्ठी देते.”

भगिनींनो, “तो माझा प्रांत नव्हे,” हे वाक्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. खरे शिकलेले माणूस आपल्या ज्ञानाची शीव ओळखते. अर्धवट माणसाला शीव नसतेच. तो मधुमेहही बरा करतो, सांधेही बरे करतो, आणि केसही काळे करतो.

आता कोणी म्हणेल, आमच्या आजीला कोठे आहारतज्ज्ञ लागत होता? खरे आहे. निरोगी घराला रोजच्या जेवणासाठी तज्ज्ञ लागत नाही. भाकरी, डाळ, पालेभाजी, ताक, मोसमातले फळ, हे आपल्या आजीचे ताट चांगलेच होते. सरकारच्या हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली भारतीयांसाठी आहाराची सतरा सूत्रे प्रसिद्ध केली. ती वाचून दाखवली तर तुम्ही म्हणाल, ह्यांतील निम्मी आम्हांला ठाऊक होती. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत ठेवा, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा. साखर कमी करा. निरनिराळे पदार्थ खा. शरीर कमावण्यासाठी प्रथिनांच्या पावडरी टाळा, असेही त्यात सांगितले आहे. ही संस्था काही काल-परवाची नव्हे. १९१८ साली दक्षिणेत कुन्नूर येथे एका लहानशा प्रयोगशाळेतून तिची सुरुवात झाली. तेव्हा निरोगी माणसाने ह्या सूत्रांवर चालावे. आपल्या अंगणवाडी सेविकाही पुष्कळ चांगले सांगतात.

पण घरात आजार आला की सर्वांना एक नियम लागू पडत नाही. आपण मुलींना शिकवतो की भाजी शिजवलेले पाणी फेकू नये, सत्त्व जाते. पण आमच्या गल्लीतल्या एका काकांची मूत्रपिंडे दुबळी झाली आहेत. त्यांच्या रक्तात पोटॅशियम नावाचा क्षार साचतो, आणि तो फार वाढला तर हृदयाला अपाय होतो. त्यांना आहारतज्ज्ञांनी सांगितले आहे की भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी फेकून द्या. शहाळ्याचे पाणी आपण आजाऱ्याला हौसेने नेतो. त्यांना ते वर्ज्य आहे. म्हणजे एकाचे पथ्य ते दुसऱ्याचे कुपथ्य. मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, गरोदरपण, वजन न वाढणारे मूल, मोठी शस्त्रक्रिया, ह्या वेळी व्हॉट्सॲपवर आलेला तक्ता उपयोगी नाही. तिथे शिकलेले माणूसच हवे.

मग शिकलेले माणूस ओळखावे कसे? माझी भाची गृहविज्ञान शिकते. तिच्याकडून आणि त्या रुग्णालयातल्या बाईंकडून मी हे समजून घेतले, आणि वहीत उतरवून आणले आहे.

आहारतज्ज्ञ होण्यासाठी आधी गृहविज्ञान किंवा अन्न व पोषण ह्या विषयाची तीन-चार वर्षांची पदवी लागते. त्यानंतर एम.एस्सी. किंवा आहारशास्त्राचा पदव्युत्तर डिप्लोमा. आपल्या महाराष्ट्रात महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या आपल्या बायकांच्या विद्यापीठात, एस.एन.डी.टी.त, हा विषय शिकवला जातो. पुढे रुग्णालयात प्रत्यक्ष रोग्यांजवळ उमेदवारी करावी लागते. त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशन ही संस्था परीक्षा घेते. ती उत्तीर्ण झाली की नावापुढे “रजिस्टर्ड डायटिशियन”, म्हणजे आर. डी., असे लावता येते. आर. डी. नसले म्हणून कोणी लगेच अशिक्षित ठरत नाही. पण पदवी आणि रुग्णालयातील उमेदवारी ही हवीच. २०२१ साली केंद्र सरकारने आरोग्यसेवेशी संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात आहारतज्ज्ञांचाही समावेश आहे, आणि राज्याराज्यांत परिषद नेमून नोंदवही ठेवण्याची तरतूद आहे. तेव्हा “तुमची नोंद कोठे आहे?” हे विचारणे मुळीच गैर नाही.

नुसत्या पाटीवर भुलू नये. “न्यूट्रिशनिस्ट”, “वेलनेस कोच”, “हेल्थ एक्स्पर्ट” असे शब्द कोणीही रंगाऱ्याकडून लिहून घेते. नावाआधी “डॉ.” असेल तर कशाचे डॉक्टर तेही विचारावे. भिंतीवर प्रशस्तिपत्र टांगलेले असेल तर जवळ जाऊन वाचावे. ते विद्यापीठाचे आहे की माल खपवणाऱ्या कंपनीचे, हे सातवी शिकलेल्या बाईलाही वाचता येते.

हे शास्त्र किती कष्टाने मिळवावे लागते त्याचे एक उदाहरण आपल्या मराठी घरातलेच आहे. कमलाबाई सोहोनी, माहेरच्या भागवत, म्हणजे दुर्गाबाई भागवतांच्या भगिनी. १९३३ साली बंगलोरच्या विज्ञान संस्थेत त्या गेल्या, तेव्हा बाई म्हणून त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्या हटल्या नाहीत. शेवटी अटी घालून त्यांना घेतले. १९३९ साली त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली. विज्ञानातील पीएच.डी. मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री समजल्या जातात. पुढे त्यांनी कुन्नूरच्या त्याच पोषण प्रयोगशाळेत काम केले, आणि नंतर मुंबईत डाळी, नीरा, तांदूळ अशा आपल्या गरिबांच्या अन्नावर संशोधन केले. एवढे शिकूनही त्या बायकांना विसरल्या नाहीत. १९६६ साली मुंबईत नऊ स्त्रियांनी ग्राहकांसाठी एक संस्था काढली, कन्झ्यूमर गायडन्स सोसायटी. कमलाबाई उतारवयात तिथे काम करीत, आणि घरच्या घरी भेसळ कशी ओळखावी हे गृहिणींना शिकवीत. म्हणजे एवढी मोठी विदुषी आपल्याला काय शिकवून गेली? तर, तपासून घ्या. विचारून घ्या.

म्हणून मी पाच प्रश्न काढले आहेत. ते पाठ करावेत.

पहिला : आपण कोठे शिकलात, आणि रुग्णालयात किती दिवस काम केलेत?

दुसरा : माझी औषधे आणि तपासण्यांचे कागद आपण पाहणार का? “नको, गरज नाही,” असे उत्तर आले की पायांत चपला घालाव्यात.

तिसरा : माझ्या डॉक्टरांशी आपण बोलाल का? जो डॉक्टरांची औषधे बंद करायला सांगतो त्याच्यापासून चार हात दूर राहावे.

चौथा : सल्ल्याबरोबर आपण काही विकता का? हा प्रश्न फार महत्त्वाचा. ज्याचे पोट डब्यावर चालते, त्याला प्रत्येक रोगावर डबाच दिसणार. त्या डब्यावर चौदा आकडी परवाना क्रमांक असतो आणि तो आपल्याला दाखवला जातो. असला पाहिजेच, पण तो परवाना खाद्यमालाच्या धंद्याचा आहे, विकणाऱ्याच्या ज्ञानाचा नव्हे. उलट पूरक आहाराच्या असल्या डब्यांवर “औषधी वापरासाठी नाही” अशा अर्थाचे वाक्य छापण्याचा नियम आहे. ते बारीक अक्षरांत असते. चष्मा लावून वाचावे.

पाचवा : किती दिवसांत गुण येईल? “एका महिन्यात दहा किलो, खात्रीने,” असे म्हणणारा खोटे बोलतो आहे. मधुमेह किंवा लठ्ठपणा बरा करण्याच्या जाहिराती करण्याला तर १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. खात्री देणारा तज्ज्ञ नसतो. तज्ज्ञ पुन्हा यायला सांगतो, वजन करतो, तपासण्या पाहतो, आणि जमले नाही तर तक्ता बदलतो.

कोणी विचारील, असे तज्ज्ञ आम्हांला परवडणार का? पुष्कळ मोठ्या सरकारी रुग्णालयांत आहारतज्ज्ञ असतात. केसपेपर काढावा आणि डॉक्टरांना सांगावे की मला आहारतज्ज्ञांकडे पाठवा. मागितल्याशिवाय कोणी पाठवीत नाही, हा माझा अनुभव आहे. खाजगीत गेले तरी एका भेटीची फी त्या पावडरीच्या एका महिन्याच्या खर्चाहून पुष्कळ कमी पडते. जाताना तीन दिवस काय काय खाल्ले ते कागदावर खरे लिहून न्यावे. चहाबरोबरची बिस्किटेही लिहावीत. आणि घरात जी स्वयंपाक करते तिने बरोबर जावे, नाहीतर तक्ता फ्रिजच्या दारावर चिकटून राहतो आणि ताटात काही उतरत नाही.

आता शेवटची गोष्ट, आणि ती थोडी अवघड आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका पावडरीच्या केंद्राने आपल्या मंडळाला पाच हजार रुपये देणगी देऊ केली आहे. त्या बदल्यात त्यांचे टेबल मांडायचे, यंत्रावर प्रत्येकीची तपासणी करायची आणि वाण म्हणून नमुन्याची पुडी द्यायची. आपल्या सभागृहाचे पत्रे पावसाळ्यात गळतात, हे मलाही दिसते. पाच हजार रुपये आपल्याला थोडे नाहीत. तरीही माझे नम्र मत असे आहे की ही देणगी आपण घेऊ नये.

कारण काय? तर हळदीकुंकवाला आलेली बाई सावध नसते. ती विश्वासाने आलेली असते. मंडळाने दिलेले वाण ती घरी नेऊन देवापुढे ठेवते. त्या वाणावर मंडळाचा शिक्का बसतो. उद्या त्यातून कोणाच्या जाऊबाई मोरीच्या दारात पडल्या, तर आपण काय सांगणार? आम्ही पत्रे बसवले, असे?

आपल्यांपैकी दोघी-तिघी हा माल विकतात, हे मला ठाऊक आहे. त्या आपल्याच आहेत. कोणाचा घरखर्च त्यावर चालतो, कोणाच्या मुलाची फी त्यातून जाते. त्यांच्यावर राग धरण्याचे कारण नाही, आणि हे बोलताना माझ्या मनात त्यांच्याबद्दल वाकडे काही नाही. त्यांनी उद्योग करावा. पण त्यांना माझी एक हात जोडून विनंती आहे : मधुमेहाच्या, मूत्रपिंडाच्या, गरोदर बाईला डबा देऊ नका. तिला सांगा, आधी डॉक्टरांना विचारून या. ह्यात एक गिऱ्हाईक जाईल, पण शेजार राहील.

देणगीऐवजी मी असे सुचवते. त्या संक्रांतीला आपण सरकारी रुग्णालयातल्या आहारतज्ज्ञ बाईंना बोलवावे. रिक्षाचे भाडे, नारळ आणि खण एवढाच खर्च. प्रत्येकीने आपले कागद आणावेत, पाच प्रश्न विचारावेत, आणि वाण म्हणून पावशेर मूग द्यावेत. ते भिजवून मोड आणून खाता येतात आणि त्यावर बारीक अक्षरांत काही छापलेले नसते. पत्र्यांसाठी आपण दिवाळीला चकलीची भाजणी विकू. माझ्या नावावर दहा किलो आजच लिहून घ्यावी.

विचारणे म्हणजे उद्धटपणा नव्हे, भगिनींनो. ज्याला खरे येते त्याला विचारल्याचा आनंदच होतो. त्या रुग्णालयातल्या मुलीला मी भीतभीतच विचारले होते, “बाई, तुम्ही कुठे शिकलात?” ती हसली आणि पाच मिनिटे आपल्या कॉलेजबद्दल सांगत बसली.

माझे बोलणे लांबले. काही अधिकउणे बोलले गेले असेल तर लहानीचे समजून पदरात घ्यावे. एवढे बोलून, आणि माझी सूचना सभेपुढे ठेवून, मी आपली रजा घेते.